पाय मोकळा हवा

पुण्यातल्या नळस्टॉपच्या सिग्नलला, सायकल पूर्ण थांबलेली असताना, मी पडले. पुढची रिक्षा निघता निघता पुन्हा थांबली, मी ब्रेक दाबले, डावा पाय जमिनीवर टेकवायला गेले आणि तो आलाच नाही. बुटाच्या तळाची क्लीट पेडलच्या खटक्यात बसलेली होती. टाच बाहेर वळवली की पाय सुटतो, हे मला पाठ होतं. चार महिने रोज ते करत होते. त्या क्षणी मात्र टाच वळली नाही. पाय वर ओढला गेला आणि अडकूनच राहिला. सायकल माझ्यासकट डावीकडे कलली, हात पुढे गेला आणि मनगटाचं हाड मोडलं. मागच्या स्कूटरवाल्याने वेळेत ब्रेक मारला नसता, तर पुढचं काही सांगायला मी उरले नसते.

त्यानंतर मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकवलं गेलेलं वाक्य होतं, "सवय व्हायला हवी होती." हा लेख त्या वाक्याशी भांडण्यासाठी आहे. शहरात रोजच्या कामाला सायकल वापरणाऱ्याने पाय पेडलला बांधू नये, असं माझं ठाम मत आहे. पण एका पडण्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही. मनगट बाजूला ठेवते आणि आधी पूर्वपक्ष मांडते, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी.

पाय बांधण्याची रीत शर्यतीतून आली. जुन्या टो-क्लिपमध्ये पावलाचा पुढचा भाग धातूच्या पिंजऱ्यात जायचा आणि वरून चामडी पट्टा आवळला जायचा. पाय काढायचा तर आधी खाली वाकून पट्टा सैल करावा लागे. फ्रान्समधल्या नेव्हेरची लूक ही कंपनी बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांना बूट अडकवणारे खटके बनवत असे. १९८४मध्ये तिने तोच खटका सायकलच्या पेडलला लावला. पुढच्याच वर्षी बर्नार इनोने या पेडलवर आपली पाचवी टूर द फ्रान्स जिंकली आणि चामडी पट्ट्यांचे दिवस भरले. टो-क्लिप गेली म्हणून नाव पडलं क्लिपलेस. त्यात पाय मात्र पूर्वीपेक्षा पक्का बसतो. १९९०मध्ये शिमानोने डोंगरी सायकलींसाठी एसपीडी आणलं. त्यात क्लीट तळव्याच्या खाचेत लपते आणि त्याच बुटांनी चालताही येतं. तिथून ही रीत शर्यतीबाहेर पडली आणि आपल्याकडच्या ऑफिसला जाणाऱ्या, हौसेने चांगली सायकल घेणाऱ्या माणसापर्यंत पोचली.

या पक्षाचे लोक तीन गोष्टी सांगतात. बांधलेला पाय वर येतानाही पेडल ओढतो, म्हणून ताकद वाया जात नाही. खड्ड्यात, पावसात पाय निसटत नाही. आणि पाय सोडवणं सवयीने अंगवळणी पडतं. यांतलं पहिलं म्हणणं सगळ्यांत लोकप्रिय आहे आणि सगळ्यांत कच्चंही.

सायकलचे दोन क्रँक एकमेकांच्या बरोबर उलट दिशेला असतात. उजवा पाय खाली दाबतो तेव्हा डावं पेडल आपोआप वर येतं आणि त्याच्यावर ठेवलेला पायही वर येतो. वर येणारा पाय आपलं वजन उचलून घेत असेल, तर दाबणाऱ्या पायाचं काम हलकं होतं. हे वजन उचलणं सपाट पेडलवरही होतं, सराव असलेला प्रत्येक जण नकळत ते करतो. त्यापलीकडे जाऊन पेडल वर ओढायचं म्हणजे मांडी उचलणाऱ्या, तुलनेने दुबळ्या स्नायूंना कामाला लावायचं. २००७मध्ये कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी सरावलेल्या सायकलपटूंना वेगवेगळ्या तऱ्हांनी पेडल मारायला लावलं. मुद्दाम वर ओढलं तेव्हा पेडलवरचा जोर अधिक योग्य दिशेने लागला खरा, पण तेवढ्याच कामासाठी शरीराने खर्च केलेली ऊर्जा वाढली. १९९१मध्ये कॉइल आणि सहकाऱ्यांनी अव्वल सायकलपटू आणि त्यांच्या एक पायरी खालचे सायकलपटू यांची तुलना केली होती. अव्वल लोक वेगळे ठरले ते खाली जास्त जोराने दाबण्यामुळे.

मग नुसता पाय बांधल्याने तरी शक्ती वाचते का? स्ट्रॉ आणि क्रॅम यांनी २०१६मध्ये हेच मोजलं. साधे धावण्याचे बूट आणि सपाट पेडल, तेच बूट आणि टो-क्लिप, सायकलचे कडक बूट आणि क्लिपलेस पेडल. मध्यम जोराने चालवताना ऊर्जेच्या खर्चात या तिन्हींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सर्व ताकद पणाला लावून मारलेल्या छोट्या धावेत बांधलेल्या पायाचा फायदा होतो, हे नंतरच्या अभ्यासात दिसलं आणि ते मी मान्य करते. शर्यतीच्या शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तो फायदा लाखमोलाचा असेल. पण मी कोथरूडहून शिवाजीनगरला जाते. माझ्या सहा-सात किलोमीटरमध्ये शेवटचे दोनशे मीटर म्हणजे पार्किंगचा उतार. वाटेत सिग्नल, बसथांबे, उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या. दर काही मिनिटांनी थांबणाऱ्या माणसाला शर्यतीतला फायदा दाखवून पाय बांधायला सांगणं म्हणजे त्याची फसगत करणं आहे. तसा हेतू नसेलही कुणाचा, पण परिणाम तोच होतो.

दुसरा मुद्दा खरा आहे. पाय निसटणं धोक्याचं असतं. जोर लावलेला असताना पाऊल पेडलवरून सटकलं की नडगी सोलते, तोल जातो, कधी माणूस मधल्या दांड्यावर आदळतो. पावसाळ्यात लकडी पुलावर मी हे स्वतः पाहिलं आहे. म्हणून "कुठलंही पेडल चालतं, आमच्या आजोबांनी कुठे खटके लावले होते" असं म्हणणाऱ्यांच्या बाजूलाही मी नाही. नव्या स्वस्त सायकलींवर येणारी गुळगुळीत प्लॅस्टिकची अरुंद पेडलं ओल्या चपलेखाली साबणासारखी होतात. जुन्या काळ्या सायकलींच्या पेडलांना रबराचे ठोकळे असत. ते नवे असताना छान धरत आणि झिजले की तेच घसरत. आजोबांच्या काळी रस्त्यावर गाड्या कमी होत्या, निसटलेला पाय सावरायला जागा होती. ती जागा आता राहिलेली नाही.

पण निसटण्यावरचा उपाय बांधणं हा नव्हे. पकड वाढवणं हा आहे. चांगलं सपाट पेडल साधारण दहा सेंटिमीटर रुंद असतं, मध्ये किंचित खोलगट, आणि दोन्ही बाजूंना बारीक पिना असतात. बुटाचा रबरी तळ त्या पिनांवर रुतून बसतो, खड्ड्यात सायकल उडाली तरी पाय जागचा हलत नाही. डोंगरातल्या दगडधोंड्यांवरून सायकली उतरवणारे कितीतरी लोक अशाच पेडलांवर चालवतात. सिंहगड रस्त्याचे खड्डे त्याहून वाईट नाहीत. पिनांनी नडगी खरचटते, हा त्यांचा दोष आहे आणि तो मी लपवणार नाही. पातळ तळाच्या चपलेतून त्या टोचतातही. चपलेनेच जायचं असेल तर पिनांऐवजी खरखरीत पृष्ठभागाचं किंवा जाड खाचांच्या रबराचं पेडल घ्यावं. पकड थोडी कमी मिळते, पण गुळगुळीत प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी बरी.

आता तिसरा मुद्दा, सवयीचा. या वाक्याला उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला, कारण ते अर्धं खरं आहे. सिग्नल लांबून लाल दिसतो तेव्हा सवय कामाला येते: टाच आधीच वळवून ठेवायची, पाय मोकळा करून सावकाश थांबायचं. अशा थांबण्यांत मी चार महिन्यांत एकदाही अडकले नाही. पण शहरातलं धोक्याचं थांबणं आगाऊ कळवून येत नाही. उभ्या गाडीचं दार उघडतं, कुत्रं आडवं येतं, पुढची रिक्षा गिऱ्हाईक दिसलं म्हणून जागेवर थांबते. त्या निमिषात शरीर शिकवलेली हालचाल करत नाही, जन्मजात करतं. तोल जाऊ लागला की पाय जमिनीकडे झेपावतो. खटका मात्र मागतो टाचेचं आडवं वळण. शरीराची घाई एका दिशेला आणि यंत्राची अट दुसऱ्या दिशेला, अशी ही रचना आहे. माणूस कितीही तयार झाला तरी थकलेल्या संध्याकाळी, डोक्यात दुसरा विचार असताना, शरीर आपल्या मूळ मार्गाने जाणारच.

यावर खटक्याचा स्क्रू सैल करा, असं सांगतात. पाय अनेक दिशांनी ओढला तरी सुटेल अशी क्लीट मिळते, ती लावा. दोन्हींनी फरक पडतो, हे खरं. पण खटका सैल करत गेलं की तो पाय धरतही नाही, आणि ज्या पकडीसाठी हे सगळं केलं तीच हातची जाते. शिवाय झिजलेली क्लीट आणि चिखलाने भरलेला खटका दर आठवड्याला वेगळे वागतात. जूनमध्ये एका दिवशी सहज सुटणारा पाय दुसऱ्या दिवशी जोर मागतो. संकटात ज्याच्यावर भरवसा ठेवायचा, त्याचं वागणं रोज सारखं असायला हवं.

एक बाजू सपाट आणि एक बाजू खटक्याची, असं दुतोंडी पेडलही मिळतं. रविवारी घाटात जाणाऱ्याला ते सोयीचं आहे. चौकात मात्र सिग्नल सुटला की पायाला हवी ती बाजू सापडत नाही, मान खाली जाते आणि मागून सगळी वाहनं एकदम सुटलेली असतात. नजर रस्त्यावरून काढायला भाग पाडणारी कुठलीही वस्तू मला शहरात नको.

क्लिपलेसचे समर्थक एक गोष्ट विसरतात. नेव्हेरच्या त्या खटक्याची सगळी थोरवी पाय सुटण्यात होती. पडल्यावर पट्ट्यात अडकलेला पाय सायकलसोबत फरफटत जायचा. खटका त्याहून सुरक्षित होता, म्हणून शर्यतीने तो उचलला. हा विजय पट्ट्यावरचा होता. जिथे बांधायचंच नाही तिथे चांगल्या प्रकारे सोडवण्याचं कौतुक कशाला?

अपवाद एक मी मनापासून मानते. फिक्स्ड गिअरच्या सायकलीत मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरतंच. वेग पायांनीच आवरावा लागतो, आणि उतारावर पाय निसटला तर फिरती पेडलं पुन्हा पकडणं महाकठीण. ती सायकल चालवणाऱ्याने पाय बांधावा. पुण्याच्या गर्दीत ती आणावी का, हा वेगळा वाद आहे.

यापुढचं म्हणणं मला जास्त जिव्हाळ्याचं वाटतं. लहानपणी खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा, ते मला आठवतं. कुणाच्या पायात कोल्हापुरी, कुणाच्या रबरी स्लिपर, कुणाचे कारखान्याचे जाड बूट. सायकल चालवायला वेगळी पादत्राणं लागतात ही कल्पनाच तिथे नव्हती. नेदरलँड्समध्ये आज लोकसंख्येपेक्षा सायकली जास्त आहेत, दर चार प्रवासांतला एकाहून जास्त सायकलवर होतो, आणि तो घरातून निघताना पायात जे असेल त्यावर होतो. रोजच्या सायकलीची ताकद या साधेपणात आहे. आपल्याकडे सायकल परत येते आहे ती दुसऱ्या दाराने, हेल्मेट, जर्सी, क्लीट, खटका अशा सरंजामासह. हेल्मेटबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते घालावंच. पण पायाखालचा सरंजाम पाहून माझ्या कॉलनीतल्या स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, आता सायकलीलासुद्धा वेगळे बूट लागतात होय? मग आमच्यासारख्यांनी चालवूच नये का?" त्या रोज साडी वर खोचून, सँडल घालून, चार घरं सायकलवर करतात. त्यांच्या त्या प्रश्नाने मला मनगटापेक्षा जास्त दुखावलं.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मी पेडलं बदलली. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते काढताना पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा लागतो. आम्ही दोघी घरात अर्धा तास त्याच्याशी झटलो, मी आणि लेक. दोन दिवसांनी मावशींच्याही सायकलीची पेडलं बदलली, त्यांची प्लॅस्टिकची होती, एका बाजूने तडकलेली. दुकानात मी त्यांना सँडलचा तळ ओला करून पेडलवर पाय घासून बघायला सांगितलं. पहिल्या दोन जोड्या घसरल्या. तिसऱ्या जोडीवर पाय घट्ट राहिला आणि उचलला तसा लगेच सुटलाही. ती जोडी त्यांनी घेतली.