खाडीपलीकडची हाक

काल्हेरहून कशेळीचा पूल ओलांडला की ठाणं. तिथलं ज्यूंचं 1879 सालचं शआर हाशामाईम सिनेगॉग आमच्यापैकी अनेकांनी बसच्या खिडकीतूनच पाहिलंय. या अंकाचा विषय तिथूनच सुचला. दूरच्या देशातल्या राजकीय ध्येयासाठी अख्ख्या कुटुंबाने घर सोडायचं ठरवलं, तर?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938मध्ये युद्धातल्या जखमींच्या सेवेसाठी चीनला गेले, त्यांची गाथा झाली. एकट्या तरुणाची गाथा होते. कुटुंबाचा मात्र हिशेब होतो. 1948नंतर कुलाबा (आताचा रायगड), ठाणे, मुंबईतली बेने इस्राएल ज्यू कुटुंबं नव्या इस्रायलकडे निघाली, तेव्हा मराठी बोलणाऱ्या या घरांत काय काय बोललं गेलं असेल? जमिनीचं काय, म्हाताऱ्यांना न्यायचं की नाही? तिथे पोहोचल्यावरही सगळं गोड नव्हतं. 1952मध्ये काही कुटुंबं आंदोलन करून भारतात परतली. उरलेल्यांना आपलं ज्यू असणं निर्विवाद मान्य व्हावं म्हणून 1964मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर बसावं लागलं. (तरीही त्यांनी तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं, हे विशेष.)

आज गाझा आणि युक्रेन आपल्या मोबाइलवर रोज येतात, जेवणाच्या ताटावरून वाद होतात. म्हणून या अंकात आम्ही कोणाची बाजू बरोबर याच्या खोलात शिरलेलो नाही. निर्णय घरात कोण घेतं, विशेषतः बायकांना विचारलं जातं का, याकडे पाहिलंय. तुमच्या घरी असा विषय निघाला असेल, तर सविस्तर लिहा. न गेलेल्यांचीही पत्रं हवीत.