नसलेल्या सिनेमाची जाहिरात

दिवाळीला बहिणीकडे जावे, ओवाळून घ्यावे, चार चकल्या जास्त खाव्यात आणि पोटाची तक्रार घेऊन परत यावे, हा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. माझी अक्का राधानगरीला असते. कोल्हापूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतले तेच हे गाव. पाणी ठरावीक उंचीला आले की त्या धरणाचे सात दरवाजे आपोआप उघडतात. आमच्या दाजींचा स्वभावही तसाच. एरवी मुके, पण एकदा भरून आले की कुणाच्या बापाला आवरायचे नाहीत.

यंदा ते भरून आले पाडव्याच्या दिवशी सकाळी.

मी चहा घेऊन ओसरीवर आलो तो दाजी कोट-टोपी चढवून पायरीवर तयार! शहाऐंशी वर्षांचे गृहस्थ. गेली दोन वर्षे अंगणापलीकडे गेले नव्हते.

“दाजी, कुठे निघालात?”

“कोल्हापूरला. सिनेमा बघायला. गाडी कितीला हाय?”

“कुठला सिनेमा?”

“सावकारी पाश. सापडला म्हणं!”

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. कारण तो सिनेमा सापडलेला नाही हे मला ठाऊक होते, आणि सापडल्याची आवई कुणामुळे उठली हेही मी ओळखले. गुन्हेगार घरातच होता, आणि अंथरुणात घोरत होता.

आता वाचकांना थोडे मागे नेले पाहिजे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला. कथा नारायण हरी आपट्यांची. सावकाराच्या कागदात अडकून जमीन गमावणारा आणि गिरणीत मजुरीला जाणारा शेतकरी त्यात व्ही. शांताराम यांनी उभा केला होता. देवादिकांच्या चमत्कारांचे ते दिवस. त्यात हा माणसांचा सिनेमा. १९३६ साली बाबूरावांनी त्याचा बोलपटही केला. पण मूळचा मूकपट आज कुठेही नाही. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती पेटे, कुजे, आणि उरलीच तर तिच्यातली चांदी काढून घ्यायला माणसे टपलेली असत. पुण्यात चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर बरेच काही हातचे गेले होते.

आमच्या नातवाला सिनेमाच्या संकलनाचे वेड आहे. नसलेल्या सिनेमाचा ट्रेलर असलेल्या सिनेमांच्या तुकड्यांतून जुळवायचा, असा एक खेळ हल्ली जगभर चालतो. त्याला ही मुले कन्सेप्ट ट्रेलर म्हणतात. बहुतेक जण अजून न निघालेल्या सिनेमाचा करतात. आमच्या पठ्ठ्याने हरवलेल्या सिनेमाचा करायला घेतला. मला कल्पना आवडली. अहो, बाबूरावांच्याच ‘कल्याण खजिना’चे १९२४ सालचे पोस्टर आपल्याकडच्या टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या पोस्टरांपैकी एक. सिनेमा गेला तरी जाहिरात राहते, याला कोल्हापूरच साक्षी आहे!

आदल्या रात्री त्याने मला सगळी करामत दाखवली होती. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. आपल्या कायद्याने चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षांचा, म्हणून त्याने मुद्दाम इतके जुने चित्र निवडलेले. त्यातला जिजाईचा चेहरा घेतला. जिजाई म्हणजे गौरीबाई. मुळात ती तुकोबांवर वैतागलेली. पण याने त्या चेहऱ्याआधी अंगठा उठवलेला एक जुना कागद जोडला. कागद घरच्या फडताळातला, मोबाइलवर टिपलेला. झाले! बाईच्या डोळ्यांतला वैताग जाऊन तिथे जमिनीची काळजी आली.

“मामाआजोबा, चेहरा तोच आहे हं,” तो म्हणाला. “मी फक्त शेजार बदलला.”

रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी हाच प्रयोग केला होता. नटाचा एकच चेहरा कधी सूपाच्या वाटीशेजारी ठेवला, कधी शवपेटीशेजारी. पाहणाऱ्याला कधी त्यात भूक दिसे, कधी शोक.

बाकीचे काम मात्र वेठबिगारीचे. मोबाइलचे चित्र रुंद, जुने चौकोनी. म्हणून दोन्ही बाजू कापायच्या. रंग काढायचा. नवे चित्र फार स्वच्छ दिसते म्हणून त्याच्यावर दाणे पसरायचे. बोलपटातले बोलणे पुसून त्या जागी पाट्या घालायच्या. मोबाइलवर सेकंदाला तीस चित्रे, जुन्या बोलपटात चोवीस. ती जुळवली नाहीत तर चालणारा माणूस ठेचकाळतो. दोन मिनिटांसाठी पोराने तीन आठवडे घालवले. आणि शेवटी खास तुरा: अंधारी झोपडी आणि बाहेर रडणारे कुत्रे. मूळ सिनेमात असा प्रसंग होता, असे पाहिलेल्यांनी लिहून ठेवले आहे. कुत्रे आमच्याच गल्लीतले. वर त्याचे रडणेही भरले होते.

एवढे सगळे केले आणि एक पाटी तेवढी घातली नाही. ‘हे खरे नाही’ ही. घातली होती, पण अगदी शेवटी, बारीक अक्षरात. नात्यातल्या कुणीतरी “सापडला!” असे लिहून ती फीत पुढे ढकलली, आणि फिरत फिरत ती दाजींच्या मोबाइलवर आली.

नातवाला उठवून आणले. तो डोळे चोळत म्हणाला, “आबा, तो सिनेमा नाही ओ. मी जोडलाय नुसता.”

दाजी बराच वेळ गप्प राहिले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि मघा म्हटले ते दरवाजे उघडले.

“माझ्या बापानं बघिटला हुता रं तो. गुळाची गाडी घिऊन कोल्हापूरला गेल्ता. आमची दोन एकरं तवा सावकाराकडं हुती. बापाला अक्षरवळख न्हाई. सिनेमा बघून आला आन् दुसऱ्या दिशी कागद घिऊन मास्तरांच्या दारात. म्हणला, वाचा. मास्तरांनी वाचला तवा कळलं, याज काय लावलंय ते. बैलजोडी इकली, पर जमीन सोडवली. ही वसरी त्याच जमिनीवर हाय.”

पोराचा चेहरा पाहवेना. त्याने टिपलेला फडताळातला कागद तोच होता. त्याला तो नुसता जुना कागद वाटला होता.

“मरायच्या आधी बापानं बघिटलेलं एकदा बघावं म्हटलं,” दाजी म्हणाले आणि कोटाची बटणे काढू लागले. कुणी काही बोलले नाही. अक्का डोळ्याला पदर लावून आत गेली.

मी नंतर विचार करत बसलो. पोराने चोरी केली का? नाही. वाईट हेतू होता का? मुळीच नाही. २०२५ साली यूट्यूबने असल्या खोट्या ट्रेलरांच्या दोन मोठ्या वाहिन्यांची जाहिरातीची कमाई बंद केली. तिथे पैशाचा मामला होता. इथे एका दमडीचाही नव्हता. तरी एक म्हातारा माणूस कोट घालून पायरीवर बसला, तो बसलाच. सावकाराच्या कागदातही खरी गोम बारीक अक्षरातच असायची, नाही का?

हे मी नातवाला बोललो नाही. बोलायची वेळच आली नाही. तो जेवायला न येता माडीवर जाऊन बसला होता. संध्याकाळी खाली आला आणि दाजींना म्हणाला, “आबा, एकदा बघा. आता पहिलीच पाटी घातलीय.”

पडद्यावर मोठ्या अक्षरात आले: ‘सावकारी पाश, १९२५. हा सिनेमा आज उरलेला नाही. तो कसा असेल याची ही कल्पना आहे.’ त्याखाली कोणता तुकडा कुठला तेही लिहिले होते. मग जिजाई, मग अंगठ्याचा कागद. दाजी पुढे सरकून बसले. शेवटी झोपडी आली आणि कुत्रे रडू लागले.

“ह्यो आवाज काढ,” दाजी म्हणाले. “मुका हुता सिनेमा.”

नातवाने आवाज काढला आणि ते दृश्य पुन्हा लावले. अंधार, झोपडी, कुत्र्याची वर केलेली मान. घरात कुणी हालले नाही.

“हां,” दाजी हळूच म्हणाले. “बाप म्हणायचा, त्या कुत्र्याचं रडणं घरी येस्तोवर गाडीत ऐकू येत हुतं.”

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळणी झाल्यावर नातू फडताळातला तो कागद काढून दाजींच्या पायाशी बसला आणि त्यातली मोडी कुणाकडून वाचून घ्यायची, याची दोघांची बोलणी सुरू झाली. मी पाचवी चकली उचलली. या खेपेला अक्कानेही टोकले नाही.