संकल्प आणि मूठ

पक्षाघाताने निर्जीव झालेल्या हाताची मिटलेली बोटे दुसऱ्या हाताने एकेक करून उलगडणाऱ्या वृद्धाला ज्याने शेजारच्या खाटेवर पाहिले असेल, त्याला मेंदू-संगणक दुव्याची निकड समजावून सांगावी लागणार नाही. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवून केसांत गार जेल भरायचे, आणि रुग्णाने मूठ उघडण्याचा संकल्प करताच मेंदूत होणारे सूक्ष्म विद्युत्-बदल टिपून हातावरील यंत्राने त्याच क्षणी बोटे उघडायची, असा हा उपचार. संकल्प आणि हालचाल यांची गाठ वारंवार पडली, म्हणजे मेंदूचा शाबूत भाग हरवलेले काम नव्याने शिकू लागतो, ही त्यामागील उपपत्ती. आघातानंतर सहा महिने उलटलेल्या रुग्णांसाठी अशा एका उपकरणाला अमेरिकेत २०२१ साली परवानगी मिळाली. आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीनेही असे यंत्र घडविले आहे.

ज्या पुण्यात १८५४ पासून अभियांत्रिकी शिकविली जाते आणि १९४४ पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र चालते, तेथे ससून या सरकारी रुग्णालयाचे डॉक्टर आणि अभियांत्रिकी विद्यापीठाचे तंत्रज्ञ एका मेजाशी बसणे मुळीच अशक्य नाही. फिजिओथेरपिस्टची जागा यंत्राने घ्यावी, असे मी म्हणत नाही. त्याच्या हाताची ऊब यंत्राला कोठून येणार? परंतु हा इलाज केवळ धनवंतांच्या दवाखान्यांत अडकून पडला, तर तो अन्याय होईल. सरकारने ससूनसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी, आणि तिची दरखास्त दप्तरात पडून राहू देऊ नये.