इअरफोन स्वस्त चालेल, सैल नको

कल्याण-डोंबिवलीहून मुंबईला जाणाऱ्या नोकरदाराचे रोजचे दोन-तीन तास लोकलमध्ये जातात. त्यातला बराच वेळ कानात इअरफोन असतात. गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवला जातो आणि धोका तिथेच सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. म्हणजे दोन दिवसांच्या प्रवासातच आठवड्याचा वाटा संपतो. अंतर्कर्णातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत.

म्हणून खरेदी करताना ‘एक्स्ट्रा बेस’पेक्षा टोकाचे रबर पाहा. बहुतेक डब्यांत तीन मापांची रबरे मिळतात. दोन कानांना वेगवेगळे मापही लागू शकते. रबर घट्ट बसले की बाहेरचा गोंगाट अडतो, बेस आपोआप भरतो आणि कमी आवाजातही गाणे स्पष्ट ऐकू येते. जबडा हलवताच बेस गेला, तर रबर सैल आहे. थोड्या वेळात कान दुखला, तर मोठे. नॉइज कॅन्सलेशन गाडीची सलग घरघर कमी करते, शेजारच्या गप्पा फारशा नाही. बजेट कमी असेल तर वायरचा इअरफोन बरा. बॅटरी आणि ब्लूटूथचा खर्च वाचतो.

प्रवासानंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर आवाज जास्त होता असे समजा. ती थांबत नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. फलाटावर आणि रुळांजवळ मात्र दोन्ही कान मोकळेच हवेत.