गिरवणें आणि लिहिणें

पांगुळगाडा धरून पाऊल टाकणाऱ्या मुलाचें सर्वांस कौतुक वाटतें. परंतु तेंच मूल वर्षभर गाडा सोडीना, तर आईबापांच्या मनास घोर लागतो. अक्षरें गिरवण्याची गोष्ट अशीच आहे. ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवून दोन वह्या भरल्या म्हणजे मूल लिहावयास शिकलें, असा समज पालकवर्गांत दृढ झालेला दिसतो. तो अपुरा आहे, असें आमचें नम्र मत आहे.

गिरवण्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आपल्याकडे पूर्वीं धूळपाटीवर बोटानें अक्षरें काढीत, आणि त्यांत मोठें शहाणपण होतें. पेन्सिल पेलण्याची शक्ति बोटांत येण्यापूर्वींच हातास अक्षराचें वळण कळे. चुकलें तर धूळ सारखी केली कीं पाटी कोरी. १९०७ सालीं रोम शहरीं बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरी यांनीं खरखरीत कागदाचीं अक्षरें मुलांच्या बोटांखालीं दिलीं, व बोट फिरत असतांनाच त्या अक्षराचा ध्वनि उच्चारण्याची पद्धत घातली. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं अनुताई वाघ यांच्या साह्यानें बोर्डी येथें बालशिक्षण खेड्यांतील मुलांपर्यंत नेलें, तें महागड्या साहित्यावांचून.

परंतु गिरवतांना रेघ दुसऱ्याची असते. दंड कोठें थांबवावा, गांठ कोठून वळवावी, हें मुलास ठरवावें लागत नाहीं. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठांत २०१२ सालीं करिन जेम्स व लॉरा एंगेलहार्ट यांनीं अद्याप वाचूं न शकणाऱ्या मुलांकडून कांहीं अक्षरें पाहून काढविलीं, कांहीं गिरवून घेतलीं व कांहीं कळा दाबून उमटविलीं. पुढें तीं अक्षरें दाखवून मेंदूची तपासणी केली, तेव्हां वाचनाशीं संबंध असलेले भाग स्वतः काढलेल्या अक्षरांनीं जसे जागे झाले, तसे इतर दोन प्रकारांनीं झाले नाहींत. मुलाचें वेडेंवांकडें अक्षर म्हणूनच मोलाचें आहे. तें हंसण्यावारी नेऊं नये.

क्रमाविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. क, ख, ग, घ हा क्रम उच्चाराचा आहे. हातास सोपा क्रम निराळा. जुन्या शिक्षकांनीं 'ग म भ न' पासून आरंभ केला तो आकारांचें साम्य पाहून. 'र' साधला कीं 'स' आणि 'ख' यांचें निम्में काम होतें. 'व' च्या पोटांत तिरपी रेघ ओढली कीं 'ब' होतो. एक अक्षर चारपांच वेळां गिरवावें, मुखानें म्हणावें, मग नमुना झांकून स्वतः काढावें. इतकें पुरे आहे.

आमच्या हिंजवडीस या प्रश्नाचें महत्त्व विशेष आहे. मुळशी तालुक्यांतील या गांवीं आज संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्या उभ्या आहेत. एखाद्या घरीं चार वर्षांच्या मुलाच्या हातीं काचेची पाटी असते. रेघेवरून बोट फिरलें कीं ती आपण होऊन शाबासकी देते. इमारतींच्या कामावर राबणाऱ्या मजुराच्या झोपडींत मात्र साधी पाटीही नसते. पहिल्या पालकांस आमची विनंति कीं, रोज थोडा वेळ काच बाजूस ठेवून खडू हातीं द्यावा. दुसऱ्यांस आम्ही सांगूं कीं, अंगणांतील धूळ विनामूल्य आहे आणि तिच्यांत कमीपणाही नाहीं. आमच्या प्रभूनें जमिनीवर बोटानेंच लिहिलें, असें योहानाच्या शुभवर्तमानांत नमूद आहे. आई निरक्षर असली तरी शेजारीं बसून मुलाचा उच्चार ऐकूं शकते. तेंही शिक्षणच होय.

पालकांनीं 'वही किती भरली?' असें विचारण्याऐवजीं 'आज कोणतें अक्षर स्वतः काढलेंस?' असें विचारावें. आणि विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं धाकटीं भावंडें आहेत. शाळेंतून गेल्यावर पंधरा मिनिटें त्यांच्याजवळ बसा. हात धरून एकदां वळण दाखवा, आणि मग हात सोडा.