वेताळाचा प्रश्न आणि प्रौढ वाचक

बालपणी प्रिय असलेले अद्भुतरम्य वाङ्मय प्रौढपणी पुन्हा हाती घेतले असता ते टिकते काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. एका पक्षाच्या मते ते टिकत नाही. कारण त्यातील चमत्कार भाबडे, पात्रे ठोकळेबाज आणि नीती सोपी असते. दुसऱ्या पक्षाच्या मते ते टिकलेच पाहिजे. न टिकल्यास दोष ग्रंथाचा नसून आपल्यातील हरवलेल्या बालकाचा असतो. दोन्ही पक्ष ग्रंथाविषयी बोलत आहेत असे भासते. वस्तुतः ते स्वतःच्या वयाविषयी बोलत असतात, आणि ग्रंथाची परीक्षा तशीच राहून जाते.

या प्रश्नाकडे मी वळले ते एका घरगुती निमित्ताने. माझे बालपण भिलाईत गेले. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. हा प्रदेश १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात मोडत होता. साहजिकच कारखान्याच्या वसाहतीत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबे होती. आमची शाळा हिंदी, अंगणातली बोली छत्तीसगढी आणि स्वयंपाकघर मराठी. अशा घरात मराठी वाचनाचे संस्कार केले ते 'चांदोबा'ने. नागपूरहून मामा येत तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन-तीन महिन्यांचे अंक असत. शेजारी तेच मासिक 'चंदामामा' या नावाने हिंदीत येई, आणि या महिन्याची गोष्ट आधी कोणाला कळते यावरून आम्हां मुलांत भांडणे होत. गेल्या दिवाळीत वडिलांकडे गेले असता पत्र्याच्या पेटीत त्या अंकांचा गठ्ठा सापडला. चार दिवस मी ते अंक वाचीत होते.

या मासिकाचा इतिहास तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखा आहे. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रास येथे ते तेलुगू व तमिळ या भाषांत सुरू केले. १९४९ मध्ये कन्नड व हिंदी आणि १९५२ मध्ये मराठी आवृत्ती निघाली. पुढे बारा-तेरा भाषांतील मुले एकाच महिन्यात एकच गोष्ट वाचू लागली. भारतीय साहित्याच्या एकात्मतेवर आपण परिसंवाद भरवितो. ती एकात्मता मुलांच्या हाती टपालाने पोचत होती. आज हे मासिक बंद पडले आहे.

आता टिकण्याविषयी. पुष्कळसे टिकले नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. मांत्रिकांच्या आणि मायावी सरोवरांच्या ज्या धारावाहिक कथांसाठी आम्ही जीव टाकीत होतो, त्या आज एका बैठकीत वाचवत नाहीत. त्या मुळात तेलुगूत दासरी सुब्रह्मण्यम् यांनी लिहिल्या; अंकावर त्यांचे नाव नसे. प्रत्येक प्रकरण संकटाच्या टोकाशी आणून सोडण्याचे त्यांचे कसब आजही जाणवते. परंतु ते कसब महिनाभराच्या प्रतीक्षेसाठी घडविलेले होते. सगळे अंक एकदम हाती आले की प्रतीक्षा संपते आणि तिच्याबरोबर कथाही संपते. तेथे चूक लेखकाची नाही, वाचकाचीही नाही.

वेताळकथांचे मात्र तसे झाले नाही. का झाले नाही, याचा विचार करताना त्यांच्या पूर्वपीठिकेकडे जावे लागते.

या कथा मुलांसाठी नव्हत्याच. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त त्या गुंफिल्या, त्या राजा अनंताची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी. तो राजवाडा सुखी नव्हता. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'नुसार अनंत आणि त्याचा पुत्र कलश यांचे वैर विकोपास गेले, अनंताने आत्मघात केला आणि राणीने चितेत प्रवेश केला. सोमदेवाचा राजाही उज्जयिनीचा विक्रम नाही. तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, त्रिविक्रमसेन. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फोर्ट विल्यम कॉलेजात 'बैताल पचीसी' हिंदुस्थानीत उतरली आणि श्रीरामपूरच्या छापखान्यात १८१४ मध्ये मराठी 'सिंहासनबत्तिशी' छापली गेली, तेव्हाही डोळ्यांपुढे होते ते देशी भाषा शिकणारे कंपनीचे अधिकारी. टोल्किनने १९३९ मधील आपल्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले होते की, परीकथा मुलांच्या खोलीत गेल्या त्या जुने फर्निचर तिकडे ढकलले जाते तशा, केवळ मोठ्यांना त्या नकोशा झाल्या म्हणून. आपल्याकडे हे स्थलांतर आणखी उशिरा आणि मुख्यतः छापखान्याच्या सोयीने झाले. तेव्हा प्रौढाने वेताळकथा वाचणे म्हणजे बालपणात परतणे नव्हे. दीर्घ काळ मुलांकडे सांभाळायला ठेवलेली आपलीच वस्तू परत मागणे होय.

परंतु सांभाळताना वस्तूत एक बदल झाला. मूळ मालेत अखेरच्या कोड्यापाशी राजा निरुत्तर होतो. पित्याने मुलीशी आणि पुत्राने तिच्या आईशी विवाह केल्यावर होणाऱ्या संततीचे नाते काय, हे त्याला सांगता येत नाही आणि तो मुकाट्याने चालू लागतो. या मौनावरच वेताळ प्रसन्न होतो आणि कपटी भिक्षूपासून त्याचे प्राण वाचवितो. म्हणजे सारी माला उत्तरांकडून मौनाकडे जाते. 'चांदोबा'ला हे परवडणारे नव्हते. मूळच्या कथा संपल्यावर संपादक नव्या कथा त्याच चौकटीत बसवीत राहिले, आणि राजाने मौन पाळले असते तर सदरच बंद पडले असते. म्हणून आमचा विक्रम दर महिन्याला अचूक उत्तर देई, वेताळ झाडावर परते, आणि आम्ही समाधानाने पान उलटीत असू. बालवाचकाला उत्तर मिळाले. प्रौढ वाचकाचा अनुभव येथूनच वेगळा होऊ लागतो.

वीरवराची कथा पाहा. शूद्रक राजाच्या द्वारी रोज पाचशे दीनार घेऊन पहारा करणारा हा सेवक. राजाचा मृत्यू तीन दिवसांवर आला आहे आणि पुत्राचा बळी दिला तरच तो टळेल, असे त्याला रात्री कळते. तो घरी येतो, मुलाला उठवितो. मुलगा आनंदाने तयार होतो. बळी दिला जातो. ते पाहून लहान बहीण वीरवती दुःखाने प्राण सोडते, आई धर्मवती चितेत उडी घेते, वीरवर स्वतःचे मस्तक कापतो. हे सर्व लपून पाहणारा राजाही तलवार उपसतो, तेव्हा देवी सर्वांना जिवंत करते. यांत श्रेष्ठ कोण, असे वेताळ विचारतो. राजा सांगतो, शूद्रक. कारण धन्यासाठी मरणे हा सेवकाचा धर्मच आहे, पण सेवकासाठी प्राण द्यावयास निघालेला धनी विरळा.

नवव्या वर्षी हे उत्तर मला फार आवडले होते. आज ते पटत नाही. इतकेच नव्हे, तर त्याची भीती वाटते. राजाच्या उत्तरात वीरवर येतो, त्याची पत्नी येते, पुत्र येतो. वीरवती येत नाही. जिला कोणी काही विचारले नाही आणि जिच्यापाशी द्यायला दुःखावाचून काही नव्हते, ती मुलगी मोजणीतच नाही. आणि निवाडा करणारा स्वतः राजा आहे, हेही बालपणी ध्यानात आले नव्हते.

दिवाळीत ही कथा मी वडिलांना वाचून दाखविली. त्यांनी अनेक वर्षे भट्टीवर तिन्ही पाळ्या केल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "मुलाला विचारलं, हे खरं. पण अगं, तो नाही म्हणाला असता तर ही गोष्ट कोणी लिहिली असती का?" मी काही बोलू शकले नाही. समीक्षेची पुष्कळ पुस्तके मी वाचली आहेत. या कथेवरील यापेक्षा नेमका आक्षेप त्यांत मला आढळलेला नाही.

येथे मला माझे म्हणणे स्पष्ट करता येते. कथेचे उत्तर टिकले नाही. कथेतला प्रश्न टिकला. जी अद्भुतकथा केवळ उत्तर देते ती बालपणाबरोबर मागे पडते. जिच्यात उत्तराहून मोठा प्रश्न असतो ती प्रौढाला पुन्हा खांद्यावर घ्यावी लागते. वेताळाची अट आपण विसरतो: उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर मस्तकाची शकले होतील. मुलांना ती अट गंमत वाटते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ती आपल्या रोजच्या आयुष्याचे वर्णन वाटते.

माझे हे मत केवळ एका घरातील अनुभवावर उभे नाही. मस्तकांच्या अदलाबदलीची वेताळकथा घ्या. ज्याला पतीचे मस्तक तोच पती, असा राजाचा निर्णय आहे. टोमास मान यांनी १९४० मध्ये या कथेवर लघुकादंबरी लिहिली आणि गिरीश कार्नाड यांनी १९७१ मध्ये 'हयवदन' रचले. दोघांनीही प्रश्न घेतला आणि उत्तर नाकारले. प्रौढ पुनर्वाचन म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

यावर असा आक्षेप येईल की, अशा वाचनाने रसभंग होतो. मुलांच्या आनंदावर आपण न्यायालय बसवितो. आक्षेपात तथ्य आहे. माझ्या मुलीला गोष्ट सांगताना मी वीरवतीवर व्याख्यान देणार नाही. परंतु ती कथा सोज्वळ करून, बळी वगळूनही सांगणार नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून मराठीत आणलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' आणि पुढे गौरी देशपांडे यांनी बर्टनवरून सोळा खंडांत केलेले 'अरेबियन नाइट्स' या दोन्हींना आपल्या भाषेत स्थान आहे. पहिल्यात सिंदबादच्या सफरींत रमलेल्या वाचकाला दुसऱ्यात शहरजादचे भय कळते: रोज पहाटे आपला वध टळावा म्हणून ही स्त्री बोलत आहे. तरी सिंदबादची गोडी कमी होत नाही. एक आनंद दुसऱ्याच्या जागी येत नाही. त्याच्या शेजारी येऊन बसतो.

राहिला प्रश्न आपल्या विद्यापीठांचा. भारतीय साहित्याच्या अभ्यासक्रमात 'कथासरित्सागर' संस्कृतच्या खात्यात जातो, 'हयवदन' नाटकाच्या खात्यात, आणि या दोहोंना अर्धशतकाहून अधिक काळ जोडीत आलेले मुलांचे मासिक कोणत्याच खात्यात जात नाही. तेलुगू, हिंदी आणि मराठी अंक शेजारी ठेवून एकच वेताळकथा वाचणे हा आमच्या विषयाचा पहिला धडा असावयास हवा. ते अंक पत्र्याच्या पेट्यांत वाळवी खात आहेत. ते मिळवून जतन करण्याचे काम आपण केले नाही, तर दुसरे कोण करणार, हे सांगता येत नाही.

भिलाईहून निघताना मी गठ्ठा बरोबर घेतला. वडिलांनी वीरवराच्या कथेचा अंक तेवढा काढून ठेवला. तो त्यांना पुन्हा वाचायचा होता.