पायाला सूज येतेच, असे म्हणू नका!

‘डॉक्टर, पहिलटकरीण आहे, पायाला सूज यायचीच. आमच्या वेळीही येत असे.’ माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकतो आहे. बोलणाऱ्या आजीबाई अनुभवाच्या असतात आणि बहुतेक वेळा त्यांचे खरेही ठरते. पण ज्या थोड्या वेळी ते खरे ठरत नाही, त्या वेळी घरातली लेक किंवा सून हाती लागत नाही. म्हणून आज या विषयावर थोडे स्पष्ट लिहिणार आहे.

गरोदरपणात स्त्रीचे शरीर किती बदलते, याची पुरुषांना तर नाहीच, पण पुष्कळ स्त्रियांनाही कल्पना नसते. एरवी साठ-सत्तर ग्रॅम वजनाची गर्भाशयाची पिशवी नऊ महिन्यांत सुमारे एक किलोची होते. अंगातले रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. त्यातला पाण्याचा अंश अधिक वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात, म्हणून हिमोग्लोबिन थोडे उतरते. ते ११ च्या खाली गेले की मात्र पंडुरोग समजावा आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-पंधराने वाढतात. वाढत्या गर्भाशयाचा दाब पायांकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांवर पडतो, म्हणून संध्याकाळी घोट्याशी सूज दिसते. रात्री पाय उशीवर ठेवून झोपले की सकाळी ती ओसरते. ही सूज साधी. तिच्याबद्दल आजीबाईंचे म्हणणे बरोबर आहे.

दुसरी सूज वेगळी. ती सकाळी उठल्यावरही असते. तोंडावर, डोळ्यांभोवती येते, बांगड्या घट्ट होतात, बोटातली अंगठी निघत नाही. आठवड्याभरात वजन एकदम वाढते. अशा वेळी रक्तदाब मोजलाच पाहिजे. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, की त्या आजाराला आम्ही प्रिएक्लॅम्पसिया म्हणतो. जुन्या पुस्तकांत याला गर्भविषबाधा म्हणत. यात वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या नीट रुंद होत नाहीत. मग वारेतून काही द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात आणि तिच्या सर्वांगातील रक्तवाहिन्यांना इजा करतात. मूत्रपिंड, यकृत, मेंदू, सर्वांवर परिणाम होतो, बाळाची वाढही खुंटते. रोग मेंदूपर्यंत पोहोचला की झटके येतात. काही घरांत अजूनही त्याला बाहेरची बाधा समजून अंगारा लावण्यात मोलाचा वेळ घालवतात.

आणि लक्षात ठेवा, सूज मुळीच नसतानाही हा आजार असू शकतो. रक्तदाब वाढलेला अंगाला कळत नाही, तो यंत्रालाच कळतो.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. १९९६ साली मी नुकताच दवाखाना थाटला होता. आठव्या महिन्यातील एक मुलगी डोके दुखते म्हणून आली. माहेरी आलेली, रात्रीचा प्रवास झालेला. आईने ‘पित्त झालंय’ म्हटले आणि दवाखान्यात गर्दी होती. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या. रक्तदाबाचे यंत्र टेबलावरच होते, पण मी ते लावले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला झटके आले. जिल्ह्याच्या गावी नेल्यावर ती वाचली, बाळ मात्र वाचले नाही. त्या दिवसापासून गरोदर स्त्री सर्दीसाठी आली तरी मी आधी तिचा रक्तदाब पाहतो.

म्हणून माझे मत ठाम आहे. आज प्रत्येक घरात सोनोग्राफीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले असतात. पण ‘मागच्या वेळी रक्तदाब किती होता?’ असे विचारले तर सासू, नवरा, सून तिघेही एकमेकांकडे पाहतात. सोनोग्राफी आवश्यक आहेच, पण ती रोज होत नाही. रक्तदाब आणि लघवी तपासायला पाच मिनिटे लागतात. प्रत्येक भेटीत ही तपासणी झाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. डॉक्टर विसरले तर आठवण करून द्या. त्यात अपमान वाटून घेणारा डॉक्टर चांगला नव्हे.

आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून मुलगी माहेरी जाते. ओटी भरली जाते, साडी-चोळी दिली जाते, पण तपासणीचे कार्ड सासरच्या कपाटातच राहते. नेमका याच महिन्यांत हा आजार डोके वर काढतो आणि माहेरच्या डॉक्टरला आधीचा काहीच आकडा ठाऊक नसतो. ओटीबरोबर ते कार्डही पदरात घाला.

सूज आली म्हणून मीठ बंद करू नका, त्याने हा आजार टळत नाही. मनाने लघवीच्या गोळ्या तर अजिबात घेऊ नका. पहिली खेप, जुळे, आधीपासून रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार, आई-बहिणीला किंवा मागच्या खेपेला हा त्रास झालेला असणे, यांपैकी काही असेल तर तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना सांगा. धोका अधिक असलेल्यांना ते ॲस्पिरिनची लहान मात्रा सुरू करतात. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त इंजेक्शन आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहूनही कमी केला. मात्र रोग पुरता हटतो तो बाळंतपण झाल्यावरच, आणि त्यानंतरही काही दिवस धोका राहतो. बाळंतिणीचे डोके दुखले तरी रक्तदाब मोजा.

डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली पोटात दुखणे, तोंडाला सूज, लघवी कमी होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका. घरातला कर्ता पुरुष शेतावरून येईपर्यंतही थांबू नका. १०८ ला फोन लावा आणि रुग्णालय गाठा. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही सोय आहे, तिचा लाभ घ्या.

आजीबाईंचा अनुभव मोठा, हे मला मान्य आहे. पण त्या अनुभवाच्या दंडाला एकदा रक्तदाबाचा पट्टा बांधून पाहायला काय हरकत आहे?